दोन किलो

रविवारी सकाळी मैदानाच्या दुसऱ्या वळणावर धाकटी थांबली. पडली नाही, ओरडली नाही. धावता धावता चालायला लागली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, एवढंच. पण काकांनी हातातलं घड्याळ बंद केलं आणि कुंपणाशी उभी असलेली थोरली दोन पावलं पुढे आली. काका घड्याळ कधी बंद करत नसत. कोणाच्या बुटाची नाडी सुटली तरी ते चालूच ठेवत आणि म्हणत, "थांबायचं तेवढं थांब, वेळ थांबत नाही."

"काय झालं?" काकांनी लांबूनच विचारलं.

"काही नाही, सर. नडगी धरलीय."

"पट्टी बांध. राहिलेल्या तीन फेऱ्या संध्याकाळी."

धाकटी स्वतःच्या वडिलांना सर म्हणायची. मैदानावर सगळ्याच मुलींना तसा नियम होता. पुढे ती सवय घरापर्यंत आली आणि घरातच राहिली.

घरात मुली दोनच. थोरली मोठ्या भावाची, धाकटी लहान भावाची. लागायला चुलत बहिणी, पण एकाच खोलीत, एकाच पलंगावर वाढलेल्या. दोघींची खरी नावं शाळेच्या दाखल्यात राहून गेली. धाकटी आता एकोणीस वर्षांची होती आणि वीस दिवसांवर तिची निवड शर्यत आली होती. पहिल्या तिघींत आली की थेट देशाच्या संघात. आजोबांनी हे मैदान उभं केलं, काकांनी ते नावारूपाला आणलं, दोघांनी मिळून शेकड्याने मुली धावायला शिकवल्या, पण घरातलं कोणी त्या संघापर्यंत पोचलं नव्हतं. आजोबांकडेच धावायला शिकलेली काकू पोचली असती. तिनं लग्नासाठी धावणं सोडलं, असं घरात सगळे सांगत आणि त्या वेळी काकू भांडी आवरत असे.

थोरली धावण्यात अगदीच बेताची. दहा वर्षांची असताना आजोबांनी तिला चार फेऱ्या मारायला लावून, "हिला अभ्यास करू दे," असा निकाल दिला होता. तो तिनं मनावर घेतला. आहार आणि व्यायामशास्त्राच्या पाच वर्षांच्या जोड अभ्यासक्रमात तिचं हे तिसरं वर्ष होतं. तीन वर्षांनी पदवी आणि पुढची दोन वर्षं काढली तर पदव्युत्तर पदवी. ज्यांना झेपेल त्यांना तिसऱ्या वर्षीच वरच्या वर्गात बसवत, आणि थोरलीला झेपलं होतं. आता पुढे चालू ठेवायचं की पदवी घेऊन बाहेर पडायचं, ते कागदावर सही करून सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. काकांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. निकाल लागला की थोरलीनं मैदानावर यायचं, मुलींचा आहार बघायचा. तिच्या नावाची पाटीसुद्धा त्यांनी रंगवायला टाकली होती.

न्याहारीला सगळे टेबलाभोवती जमले तेव्हा थोरलीची आई तेवढी नव्हती. भावाच्या ऑपरेशनसाठी ती माहेरी गेली होती. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला काका, मधे थोरलीचे बाबा. ते बस चालवत आणि रविवार हा त्यांचा गप्प बसायचा वार होता. काकू अंडी सोलून सगळ्यांच्या बशीत टाकत होती. धाकटीनं आपलं अंडं उचललं, पिवळं बाजूला काढलं, पांढऱ्याचे चार तुकडे केले आणि त्यातला एक तोंडात टाकून ती बराच वेळ चावत बसली.

"पहिल्या तिघींपेक्षा वेळ अजून चार सेकंद जास्त आहे," काका म्हणाले. "मी विचार केला. पायात ताकद आहे, दम आहे. अडतंय ते वजनात. दोन किलो उतरलं की चार सेकंद आपोआप निघतात." ते थोरलीकडे वळले. "तू आता शिकलीसच आहेस. वीस दिवसांत दोन किलो, असा तक्ता करून दे. आजच."

थोरलीनं उचललेला घास बशीत परत ठेवला.

महिन्याभरापूर्वी प्रयोगशाळेच्या तासाला प्रत्येकीनं एक खेळाडू आणायचा होता. थोरलीनं धाकटीला नेलं. सात दिवस धाकटीनं खाल्लेला कणन् कण तोलून वहीत लिहिला. मग पहाटे उपाशीपोटी तिला पलंगावर झोपवून, तोंडावर मुखवटा चढवून तिचा श्वास मोजला. हाडांच्या घनतेची तपासणी झाली. थोरलीनं आकडे मांडले, पुन्हा मांडले, मग प्रयोगशाळेच्या बाईंकडे नेले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाल्या, "तुझं गणित चुकलेलं नाही. ही मुलगी धावते तेवढंही खात नाही. मग शरीर एकेक दिवा बंद करत सुटतं. हिला डॉक्टरकडे जायला सांग. आणि हे लक्षात ठेव, हा निकाल तिचा आहे. तू बहीण असशील, पण इथे तू विद्यार्थिनी आहेस. तिच्या परवानगीशिवाय तो तिच्या आईलाही कळता कामा नये."

बाईंनी चिठ्ठी दिली. थोरलीनं ती धाकटीच्या हातात ठेवली. धाकटीनं ती वाचली, घडी घातली, बुटाच्या खोक्यात टाकली आणि म्हणाली, "शर्यत झाल्यावर."

त्याला आता तीन आठवडे झाले होते.

"काय गं?" काका म्हणाले. "तक्ता म्हणतोय मी."

"मी नाही करणार, काका."

या घरात काकांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. ज्यांना नाही म्हणायचं असे ते "बघते" म्हणत.

"नाही करणार म्हणजे? येत नाही?"

"करता येतो."

"मग?"

"मग करणार नाही. वजन कमी करायचा तक्ता मी हिला देणार नाही."

"कारण?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीची नजर सुरीसारखी होती. "कारण मला सांगता येत नाही," थोरली म्हणाली.

काका हसले. ते हसले की जास्त भीती वाटे. "ऐकलंत, अण्णा?" ते आजोबांना म्हणाले. "तीन वर्षं शिकून आली आणि कारण सांगता येत नाही. वर अजून दोन वर्षं हवीत. तेव्हा तरी येईल का सांगता?"

"लहान तोंडी एवढा हट्ट बरा नव्हे," आजोबा म्हणाले. मैदानावरची पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'गजर' म्हणत, कारण त्यांचा आवाज एकदा सुरू झाला की कोणाला झोप लागत नसे. "तुझा काका तीस वर्षं मुली घडवतोय. हात लावून सांगतो, कोणाचा दम कुठे अडतो ते."

"त्याला दे काय हवं ते," बाबा हळूच म्हणाले. "तेवढं आपल्या घरच्यासाठी करावं, बाळा."

थोरलीला सगळ्यात जास्त लागलं ते हे. बाबा तिच्या बाजूनं बोलतील असं नाही, पण निदान गप्प तरी राहतील, असं तिनं धरलं होतं.

"आणि ही शहाणी नाही देणार तर नको देऊ दे," धाकटी एकदम म्हणाली. "सर, मी करते दोन किलो. मला माहितेय कसं करायचं ते."

"बघ!" काकांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात जिद्द. एक आहे ती मैदानात घाम गाळते आणि एक आहे ती पुस्तकात बोट घालून बसलीय."

थोरली उठली. आपली बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. पाठोपाठ धाकटी आली. तिनं दार लोटून घेतलं.

"एक शब्द जरी बोललीस ना," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही."

"बोलले का मी?"

"तोंडानं नाही बोललीस. तोंड करून बसलीस ना पण! सगळ्यांना वाटलं काहीतरी आहे."

"आहेच काहीतरी. नडगी कधीपासून दुखतेय?"

धाकटीनं दुखरा पाय मागे घेतला. थोरलीनं नळ बंद केला.

"हे बघ, मी कोणाला सांगणार नाही. तुला शब्द दिलाय, बाईंना दिलाय. पण तक्ताही लिहिणार नाही. तू उद्या मैदानात मोडून पडलीस आणि तो कागद माझ्या अक्षरातला असला, तर मी काय करू?"

"वीस दिवस गं. फक्त वीस दिवस. मग खाईन ना. केकच्या केक खाईन."

"रात्री उठून किती वेळा पाय चोळतेस ते मला माहीत नाही का? एकाच पलंगावर झोपतो आपण."

दार उघडलं. काकू उष्ट्या बश्या घेऊन आत आली. बश्या तिनं ओट्यावर ठेवल्या, पदराला हात पुसले, दार पुन्हा नीट लावून घेतलं आणि धाकटीसमोर उभी राहिली.

"पाळी कधी आली होती शेवटची?"

"आई, काय हे मधेच..."

"मी तुझ्या बहिणीला विचारत नाही. तिला बोलायचं नाहीये, ते मला तिथेच कळलं. तुला विचारतेय."

धाकटी ओट्याला टेकली. "आठ महिने झाले," ती म्हणाली. "पण खूप जणींची जाते. सर म्हणतात, सराव चांगला चाललाय याची ती खूण असते."

"मला तुझ्या आजोबांनी हेच सांगितलं होतं," काकू म्हणाली. तिचा आवाज भाजीवाल्याशी बोलावं इतका साधा होता. "वर्षभर नव्हती मला. मी खूश होते, एक कटकट मिटली म्हणून. मग उजवा पाय दुखायला लागला. पट्टी बांधून धावले. निवडीच्या बारा दिवस आधी वळणावर काडकन आवाज आला. माझ्या मागून धावणाऱ्या मुलीलाही ऐकू गेला होता तो."

धाकटीची नजर आईच्या उजव्या पायाकडे गेली.

"पण तू तर लग्नासाठी..." थोरली म्हणाली.

"लग्न त्यानंतर दीड वर्षानं झालं. मुलगी पाय मोडून घरी बसली, यापेक्षा ते ऐकायला बरं दिसतं. मीही मान हलवत राहिले." ती धाकटीकडे वळली. "मी बाहेर जाऊन सांगू?"

"नको," थोरलीच आधी म्हणाली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं. "काकू, तू नको आणि मीही नको. तिचं तिनं सांगितलं पाहिजे. आपण सांगितलं तर काका आपल्याशी भांडत बसतील आणि ही संध्याकाळी तीन फेऱ्या मारून येईल."

धाकटी खाली वाकली. नडगीवर हात फिरवत राहिली. "मी हे सांगितलं की संपलं," ती शेवटी म्हणाली. "मी कोण मग? तू निदान अभ्यास तरी करतेस."

याचं उत्तर थोरलीला कोणत्याच तासाला शिकवलेलं नव्हतं. ती धाकटीजवळ जाऊन उभी राहिली, एवढंच. काकूनं सोललेलं एक अंडं उचलून धाकटीच्या हातात दिलं. धाकटीनं ते हातात धरलं, खाल्लं नाही, आणि तसंच घेऊन ती बाहेर गेली.

"मला बोलायचंय," टेबलाशी उभं राहून ती म्हणाली. "नडगी आज नाही धरली. सहा आठवडे दुखतेय. आधी धावताना दुखायची, आता झोपल्यावरही दुखते. आठ महिने पाळी नाही. तिच्या कॉलेजात माझी तपासणी झाली, हाडं कमजोर निघाली. डॉक्टरकडे जायला सांगितलंय, मी गेले नाही. तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण मी तिला बजावलं होतं."

काकांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही गेलं. शेवटी टिकला तो राग, कारण तो त्यांच्या सवयीचा होता.

"कॉलेजच्या मशिनवर ठरणार का आता? दोन यत्ता शिकलेल्या पोरी..."

"बाबा," धाकटी म्हणाली, "खूप दुखतंय हो."

सर नाही, बाबा. काकांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"शर्यतीआधी सगळ्यांनाच दुखतं," आजोबा घसा साफ करत म्हणाले. "मन घट्ट करावं लागतं. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी मी होते," काकू म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुमच्या वहीत रोजची नोंद असायची. मी शेवटचे दोन आठवडे मागे पडत होते. माझ्या नावापुढे काय लिहिलं होतंत, आठवतं?"

आजोबांनी समोरची बशी बाजूला सारली.

"मी तुम्हाला पाय दाखवला होता. मोजा ओढून खाली केला होता. तुम्ही म्हणालात, जा, वळणावर हात जास्त हलव."

बाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती पुन्हा पुन्हा खोकत होती. आजोबा दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसले होते.

"कंटाळा," ते म्हणाले. "कंटाळा करते, असं लिहिलं होतं."

"मला वाटायचं तुम्ही विसरलात."

"नाही," आजोबा म्हणाले. "विसरलो नाही." ते उठले आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीकडे गेले. दार लावलं नाही.

काका एकटेच आपल्या टोकाला उरले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू त्यांना पाय दाखवला होतास, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," काकू म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तसंच झालं होतं.

मग बाबा उठले, खुंटीवरची किल्ली घेतली. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं?" ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात रविवारीही डॉक्टर असतात. चला, मी गाडी काढतो." थोरलीजवळून जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटले, "मघाशी चुकलो मी."

दवाखान्यात चार तास गेले. दोन तास नुसते बाकावर, हिरव्या भिंतीकडे बघत. काका सबंध वेळ उभेच होते. डॉक्टरीण तरुण होती आणि शब्द मोजून वापरणारी. तिनं पडद्यावर नडगीचं चित्र दाखवलं. हाडात केसाएवढी रेघ होती.

"चीर गेलीय," ती म्हणाली. "अजून आरपार नाही. आणखी आठवडाभर धावली असती तर हाड मोडलं असतं. दहा-बारा आठवडे धावणं बंद. आणि खाणं वाढवल्याशिवाय हे हाड भरणार नाही, ते समजून घ्या."

"शर्यत वीस दिवसांवर आहे," काका म्हणाले. ते विचारत नव्हते, नुसतं सांगत होते.

"शर्यत नाही," डॉक्टरीण म्हणाली.

धाकटी तिथे रडली नाही. गाडीत रडली, थोरलीच्या खांद्यावर, शेवटच्या सिग्नलपासून घरापर्यंत. काका पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण थोरलीला त्यांचा एक कान आणि मान दिसत होती. दोन्ही लाल झाले होते.

सोमवारी सकाळी थोरलीनं कागदावर सही केली. पुढे चालू. अकराला ती कॉलेजकडे निघाली तर फाटकाशी काका उभे.

"सही केलीस?"

"केली."

"म्हणजे पाटी आता दोन वर्षं नाही."

"तेव्हाही कदाचित नाही, काका. मला अजून ठरवायचंय."

एरवी या वाक्यावर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. काकांनी नुसती मान हलवली. "माझ्याकडे चौदा मुली आहेत," ते म्हणाले. "काल दवाखान्यात उभ्या उभ्या एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. पाच जणींची मला खात्री वाटत नाही. सहासुद्धा असतील. तू तपासशील?"

"मला तो अधिकार नाही अजून. त्यासाठीच तर ही दोन वर्षं."

"मग दोन वर्षं त्यांनी काय करायचं?" ते ओरडले नव्हते. खरंच विचारत होते.

"बाईंना भेटा. आज भेटा. माझ्याबरोबर चला."

काका आले. प्रयोगशाळेत ते बूट काढून आत शिरले. तशी काही गरज नव्हती. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवून तासभर समजावलं आणि त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. फक्त शेवटी विचारलं, "मी मुलींना आठवड्याला वजनाला उभं करतो, सगळ्यांसमोर. ते?" बाई म्हणाल्या, "ते आजपासून बंद." काका म्हणाले, "बरं."

बुधवारी संध्याकाळी त्यांनी चौदाही मुलींच्या आईवडिलांना मैदानावर बोलावलं. सराव नव्हता. गवतावर सगळे दाटीवाटीनं बसले. थोरली मागे कुंपणाशी, धाकटी कुबड्या घेऊन तिच्या शेजारी, पलीकडे काकू. आजोबा आले नव्हते. तीन दिवस ते खोलीतच जेवत होते. ताट मात्र काकूनं न्यायचं, दुसऱ्या कोणी नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि काकू आत गेली की बाहेर यायला तिला रोज जरा जास्त वेळ लागत होता.

काकांनी शिट्टी वाजवली नाही, नुसता हात वर केला. "माझ्या मुलीच्या पायाच्या हाडाला चीर गेलीय," ते म्हणाले. "ती कमी खात होती. मी तिला आणखी कमी खा म्हणालो. तिनं सांगितलं दुखतंय, मी म्हणालो पट्टी बांध. तुमच्या मुलींनाही मी हेच सांगत आलो. चूक माझी आहे. उद्यापासून एकेकीला डॉक्टरांकडे न्यायचंय. तुम्ही सोबत या. ज्यांना मुलगी इथून काढायची आहे त्यांनी खुशाल काढा, मी रागावणार नाही."

मग एक बाप उठला, मुलीचा हात धरला आणि निघून गेला. काका तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला. ती शिवणकाम करायची आणि तिची मुलगी लांब उडी मारायची.

"सर, माझ्या मुलीलाही सहा महिने पाळी नाही. तिचं हाड तपासायचं का? आणि आजपासून तिला किती खायला घालू?"

आजवर त्यांना मैदानावर कोणी काही विचारलं आणि उत्तर तयार नाही, असं थोरलीनं कधी पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," काका म्हणाले.

गवतावरच्या काही माना वळल्या आणि कुंपणाकडे, थोरलीकडे बघायला लागल्या. धाकटीनं तिला कोपरानं ढोसलं.

"तपासायलाच हवं," थोरली जरा मोठ्यानं म्हणाली. "किती खायचं ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. पण जिला येतं तिच्याकडे मी तुम्हाला उद्या सकाळी घेऊन जाते. आणि मावशी, आज रात्री तिला पोटभर जेवू द्या. भूक लागली म्हणाली तर पुन्हा वाढा."

शिवणकाम करणाऱ्या बाईनं मान हलवली आणि मुलीला जवळ ओढून घेतलं. मग दुसरा हात वर आला, त्याच्यामागे आणखी दोन.